पेंडेतील तेलाला सोवळे कशाला?

अमेरिकेच्या करकायद्यात २०२५ च्या जुलै महिन्यात एक फरक झाला. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडून तो कायमचा भूगर्भात गाडणाऱ्यास २०२२ च्या कायद्यान्वये टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळे. तोच वायू जुन्या तेलक्षेत्रात सोडून त्याच्या जोरावर तेल काढणाऱ्यास ६० डॉलरपर्यंत. नव्या कायद्याने नव्या प्रकल्पांपुरता हा भेद मिटविला असून आता दोघेही एकाच पंक्तीला बसले आहेत. दूरदेशीच्या कराची ही कथा आम्हांस कशाला, असे कोणी विचारील. परंतु याच वाटेने जाण्याचा मनोदय आपल्या देशातही व्यक्त झालेला असल्याने तिचा विचार आम्हांला अगत्याचा वाटतो.

तेलाची विहीर आटली म्हणजे तेथील तेल संपले, हा समज खरा नव्हे. खनिज तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. प्रारंभी भूगर्भातील दाबाने ते आपण होऊन वर येते. दाब ओसरला की पाणी सोडून ते रेटावे लागते, आणि एवढे करूनही बहुधा निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. घाण्यातून खोबरेल निघाल्यावर पेंडेत तेल राहते, तसाच हा प्रकार. पेंडेतील तेल काढण्यास कारखानदार द्रावक वापरतात; खडकातील तेलासाठी ते काम हा वायू करतो. पुरेशा दाबाखाली तो द्रवासारखा दाट होतो, तरीही वायूप्रमाणे बारीक छिद्रांत शिरतो, तेलात मिसळतो, त्यास फुगवितो व पातळ करतो. चिकटून बसलेले तेल मग हलू लागते. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा खाली सोडतात, आणि दर फेरीस त्याचा काही भाग खडकातच अडकून राहतो. टेक्सासमधील सॅक्रॉक क्षेत्रात १९७२ साली हे काम व्यापारी प्रमाणावर सुरू झाले. युक्ती अस्सल आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती तिला नेसविल्या जाणाऱ्या सोवळ्याविषयी. सॅक्रॉकच्या चालकांना हवे होते ते तेल, हवेची शुद्धी नव्हे. अमेरिकेत या कामी लागणारा बहुतांश वायू धुराड्यांतून आलेलाच नाही. तो भूगर्भातील नैसर्गिक साठ्यांतून उपसला जातो. कोलोरॅडोतील अशा एका साठ्यातून सुमारे ८०० किलोमीटर लांबीची नळवाहिनी १९८४ पासून तो टेक्सासला पोचवीत आली आहे. अशा वायूस करसवलत मिळत नाही, हे मान्य. कॅनडातील वेबर्न क्षेत्राची गोष्टही निराळी. नॉर्थ डाकोटातील कोळशापासून इंधनवायू बनविणाऱ्या कारखान्यातील कार्बन डायऑक्साइड २००० सालापासून सीमेपलीकडे तेथे नेण्यात आला, शास्त्रज्ञांनी साठ्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली, आणि एरवी आकाशात गेला असता असा कोट्यवधी टन वायू जमिनीत राहिला.

तरीही हिशेब पुरता मांडावयास हवा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत पिंपभर तेलामागे ३०० ते ६०० किलो वायू खाली सोडला जातो. ते पिंप जाळले की सुमारे ४३० किलो वर जातो. पकडण्यास, दाबण्यास व वाहून नेण्यास लागणारी ऊर्जा वेगळीच. यावर तेलवाल्यांचे उत्तर असे की, हे पिंप येथे निघाले नाही तर दुसरीकडून येईलच. उत्तर टाकाऊ नाही. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या आपल्या देशाला तर ते पटण्याजोगे आहे. पण ते परकीय चलनाचे उत्तर झाले, हवेचे नव्हे. त्या नावाने पैसा मागितल्यास आम्ही आडवे येणार नाही. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्प कोळशाच्या वीजकेंद्राचा धूर पकडून तेलक्षेत्रास पुरविण्यासाठी २०१७ च्या जानेवारीत सुरू झाला, २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडला. वीजकेंद्राचा धूर काही तेलाचा भाव पाहून थांबला नव्हता!

आपल्याकडे तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि इंडियन ऑइल यांनी २०१९ च्या जुलैत करार केला तो बडोद्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यातील वायू भडोच जिल्ह्यातील गंधार क्षेत्रात सोडण्यासाठी. २०२२ मध्ये निती आयोगाने या विषयावरील धोरणाचा आराखडाही प्रसिद्ध केला. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायसारखी आपली क्षेत्रे वयस्क झाली असता असे प्रयत्न होणारच, आणि ते व्हावेतही. मात्र सरकारी साहाय्य द्यावयाचे तर ते खाली सोडलेल्या नव्हे, खाली राहिलेल्या वायूवर द्यावे. मोजणी तेल काढणाऱ्याच्या हाती नसावी. आणि विहिरी बुजविल्यानंतर राखण कोणी करावयाची हे करारातच लिहिलेले असावे.

आणखी एक गोष्ट नळवाहिन्यांची. २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ अतिवृष्टीने जमीन सरकून अशीच एक वाहिनी फुटली. हवेहून जड असलेला वायू सखल भागात पसरला, मोटारींची इंजिने बंद पडली, सुमारे दोनशे माणसे हलवावी लागली आणि ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. या धोक्याची पुरेशी कल्पना स्थानिक मदतपथकांना आधी देण्यात आली नव्हती, असे सरकारी चौकशीत आढळले. कोयली ते गंधार नळ टाकावयाचा असेल, तर तो ज्यांच्या शेतांखालून जाणार त्यांना हा वायू काय करतो आणि नळ फुटल्यास उंचवट्याकडे का धावावे, हे खोदाईपूर्वीच त्यांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.