यजमानाचे फासे

‘खेळच तर आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ ऑनलाइन भूमिका-खेळांत चालणाऱ्या पक्षपाताबद्दल तक्रार केली की हे उत्तर ठरलेले. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. संसारात नियम मोडले तरी घर, भाकरी, नाती असे काहीतरी उरते. खेळातून नियम काढून घेतले तर मागे काहीच उरत नाही.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ २००३ साली सुरू झाला. हजारो खेळाडू एकाच अवकाशात जहाजे बांधतात, व्यापार करतात, आघाड्या उभारून लढतात. काही जहाजांचे मूळ आराखडे तिथे अतिशय दुर्मीळ; ज्याच्या हाती आराखडा त्याच्या हाती कारखाना. २००७ च्या फेब्रुवारीत उघड झाले की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने असे आराखडे गैरमार्गाने मिळवले होते, आणि तो स्वतः ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य आघाडीतून खेळत होता. कंपनीला कबुली द्यावी लागली. पण इतर खेळाडूंनी इतके दिवस घातलेल्या रात्री कोण परत देणार?

मी स्वतः एका छोट्या, केवळ शब्दांवर चालणाऱ्या खेळात काही वर्षे घालवली. तिथे लिहिणे हाच खेळ. माझे पात्र सीमेवरच्या गावातली दुभाषी. दोन राज्यांत तह घडवून आणण्यासाठी मी दीड वर्ष प्रसंगामागून प्रसंग लिहीत होते. मग संचालकांच्या एका मित्राचे नवे पात्र दाखल झाले आणि एका संध्याकाळी तह करून मोकळे झाले. विचारले तर उत्तर मिळाले, ‘कथेची गरज होती.’ कथेची गरज नेहमी त्याच चार जणांच्या बाजूने कशी निघते, हे मात्र कुणी सांगितले नाही.

त्या चौघांत कुणी दुष्ट नव्हते. पक्षपात बहुतेकदा लोभातून नव्हे, लोभसपणातून होतो: हा आपला माणूस, छान लिहितो, रोज गप्पा मारतो, देऊन टाकू. म्हणूनच तो करणाऱ्याला दिसत नाही आणि दाखवला की राग येतो.

शकुनीचे फासे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सभापर्वातली एक बारीक गोष्ट मात्र विसरतो. डाव सुरू होण्याआधीच युधिष्ठिर हरकत घेतो: पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी, एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे रीतीला धरून नाही. हरकत घेतो आणि तरीही खेळायला बसतो. सभा यजमानांची, खेळवणारे यजमानांचे, ज्येष्ठ मंडळी समोर बसलेली. मीही तेच केले. तक्रार केली आणि पुढे आठ महिने खेळत राहिले, कारण तोवर घातलेले दीड वर्ष सोडवत नव्हते. प्रत्येक यजमान याच मोहावर विसंबून असतो.

‘संचालकांनी खेळूच नये का?’ असा प्रतिप्रश्न येतो. जरूर खेळावे, न खेळणाऱ्याला खेळ कळत नाही. पण फासेही आपलेच आणि निवाडाही आपलाच, हे चालणार नाही. ‘ईव्ह’ने प्रकरणानंतर अंतर्गत चौकशी विभाग नेमला आणि २००८ मध्ये खेळाडूंनी मतदानाने निवडलेले नऊ जणांचे मंडळ आणले. मंडळाला सल्ल्याचाच अधिकार, अंतिम शब्द कंपनीचाच. तरी बंद दाराला एक खिडकी पडली. छोट्या खेळांना मंडळ परवडत नसेल, पण दोन गोष्टींना पैसा लागत नाही: निर्णयाचे कारण लेखी द्यावे, आणि मित्राचा प्रश्न आला की मित्राने उठून बाहेर बसावे.

या नियतकालिकाचे वाचक हे खेळ खेळत नसतील. पण आपल्यातले अनेक जण पुरस्कार समित्यांवर बसतात, अनुवादाची कामे वाटतात, अंकासाठी कविता निवडतात. तिथेही ‘दर्जाची गरज’ वर्षानुवर्षे त्याच चार नावांच्या बाजूने निघते. पुढच्या बैठकीत आपल्या मित्राचे नाव आले की पाच मिनिटे व्हरांड्यात जाऊन उभे राहा. आत काय होते ते पाहू.