आधी मॅन्युअल वाचून ये!

प्रत्येक ऑफिसात तो एक असतोच. लॅपटॉपच्या झाकणावर पेंग्विनचा स्टिकर, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह आणि स्क्रीनवर कायम काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं. बाकीच्यांच्या मशीनवर अपडेटचं चक्र गरगरायला लागलं की हा कॉफीचा कप घेऊन मागे येऊन उभा राहतो आणि शांतपणे म्हणतो, ‘‘लिनक्स टाक.’’

ओळखलंत ना? आता त्याचा दुसरा अवतार. तुम्ही खरंच लिनक्स टाकता आणि तिसऱ्या दिवशी ‘आवाज येत नाहीये रे’ म्हणत त्याच्या डेस्कपाशी जाता. तोच गोड माणूस खुर्ची मागे ढकलतो. ‘‘डिस्ट्रो कुठला? कर्नल व्हर्जन? लॉग बघितलास? नाही? मग आधी मॅन्युअल वाचून ये.’’ बुकिंग होईपर्यंत रोज फोन करणारा बिल्डरचा सेल्समन पझेशननंतर जसा बोलतो, अगदी तस्सं. फरक एवढाच, की याला यात एक पैसाही मिळत नाही.

या ‘मॅन्युअल वाच’ला इंग्रजीत चार अक्षरी शॉर्टफॉर्म आहे, आरटीएफएम. त्यातला ‘एफ’ म्हणजे काय ते इथे छापता येणार नाही. सुज्ञांनी समजून घ्यावं.

ज्यांना हा फंडाच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो आणि बदलून पुढे वाटता येतो ते ओपन सोर्स. व्हीएलसीवर सिनेमा बघता? ओपन सोर्स. फायरफॉक्स? तेही. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल लिहिला. या दोन्हींच्या जोडीतून आजची ही दुनिया उभी राहिली. स्टॉलमनसाहेब कित्येक वर्षं एकच गोष्ट समजावत आले आहेत, की ‘फ्री सॉफ्टवेअर’मधलं ‘फ्री’ म्हणजे विनामूल्य नव्हे, स्वतंत्र. आपल्याला ही अडचणच नाही. मराठीत ‘मुक्त’ वेगळं आणि ‘फुकट’ वेगळं.

पण गोची इथेच आहे. जुना भिडू ‘मुक्त’साठी आलेला असतो आणि नवा ‘फुकट’साठी. एकाला चळवळ हवी असते, दुसऱ्याला सोमवारी सकाळी चालू होणारा लॅपटॉप.

गेल्या काही काळात या दुसऱ्या प्रकारच्या मंडळींची संख्या वाढण्याचं कारणही तसंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११साठी टीपीएम २.० हवं आणि प्रोसेसर नव्या पिढीचा हवा, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. घरगुती ग्राहकांना सिक्युरिटी अपडेट्सची एका वर्षाची वाढीव मुदत मिळाली खरी, पण वर्षभराने प्रश्न तोच. माझी एक मैत्रीण घरून सबटायटल्स लिहायचं काम करते. तिचा लॅपटॉप २०१७चा. की-बोर्ड ठणठणीत, बॅटरी बरी, पण प्रोसेसर सातव्या पिढीतला. नवा घ्यायचा म्हणजे हप्ता, आणि तिचे आधीचेच दोन हप्ते चालू. मग तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून लिनक्स टाकलं. अर्ध्या तासात देखणा डेस्कटॉप समोर. सगळं सॉल्लिड, फक्त वाय-फाय गायब!

एका रविवारी लिनक्सप्रेमींची मीट होती, कॉलेजच्या एका वर्गात. ती लॅपटॉप घेऊन निघाली आणि मीही ‘स्टोरी मिळेल’ म्हणून तिच्याबरोबर गेले. मिळाली.

पहिल्याने स्क्रीन बघितली आणि कळवळून विचारलं, ‘‘हा डिस्ट्रो का टाकलात मॅडम?’’ (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एकेक अवतार: उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च... गणपती एकच, मंडळं अनेक. आणि प्रत्येकाचं डेकोरेशन भारी!) दुसऱ्याने आर्च टाकायला सांगितलं. आर्च म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने जुळवायचं, घर घ्यायला गेलेल्याला विटांचा ट्रक दाखवल्यासारखं. तिच्या तोंडून ‘लिनक्स’ एवढंच निघालं तर तिसऱ्याने दुरुस्ती केली, ‘‘ताई, जीएनयू-लिनक्स.’’ चौथ्याने एक कमांड चालवायला लावली, आलेलं उत्तर वाचलं आणि म्हणाला, ‘‘चिपचा ड्रायव्हर नाहीये. गूगल केलं असतं तर लगेच मिळालं असतं.’’

‘‘अहो दादा, नेट लागत नाही म्हणूनच तर आलेय ना!’’

मागच्या बाकावर एक पन्नाशीचे काका बसले होते. ते उठून आले. ‘‘फोनची केबल आहे का गं?’’ तिने फोन केबलने लॅपटॉपला जोडला, काकांनी फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायला सांगितलं आणि लॅपटॉपवर नेट आलं. मग ड्रायव्हर्सची खिडकी उघडली, यादीतला वाय-फायचा ड्रायव्हर निवडला, रीस्टार्ट. दहा मिनिटं. त्यानंतर काकांनी विचारलं, ‘‘काम काय करतेस यावर?’’ तोवर हा प्रश्न त्या वर्गात कुणीच विचारला नव्हता. सबटायटल्स म्हटल्यावर त्यांनी मराठी की-बोर्ड जोडून दिला आणि इन्स्क्रिप्टमध्ये काना-मात्रा उजव्या हाताखाली नाहीत, डाव्या हाताखाली येतात, हेही दाखवलं.

आता गंमत बघा. आधीच्या चौघांपैकी तसं चुकीचं कुणीच नव्हतं. डिस्ट्रोबद्दलचं मत त्याच्या जागी ठीक, जीएनयूचं श्रेय खरं, ड्रायव्हरचं निदान तर शंभर टक्के करेक्ट. पण वाय-फाय लागलं ते पाचव्यामुळे. पुणेरी पाटी आठवते? ‘वेळेचा बोर्ड वाचूनच बेल वाजवावी’ छापाची. पाटीवरचा मजकूर बिनचूक असतो. अपमान त्यावर मोफत.

लिनक्सवाल्यांकडे या पाटीची सविस्तर आवृत्तीही आहे. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न ‘स्मार्टली’ कसे विचारावेत यावर २००१मध्ये एक लांबलचक लेख लिहिला. आधी स्वतः शोधा, नेमकी माहिती द्या, ‘अर्जंट’ म्हणून ओरडू नका, असा सगळा सल्ला. वाचला मी. सल्ला उत्तम आहे, ऑफिसातल्या आयटी सपोर्टला मेल टाकतानाही उपयोगी पडेल. पण तो ज्याला थोडंफार कळतं त्याच्यासाठी आहे. नवख्याकडे नेमका प्रश्न विचारायला लागणारे शब्दच नसतात. ‘ड्रायव्हर’ हा शब्द माहीत असता तर निम्मं काम तिचं तिनेच केलं असतं. तिच्याकडे होतं ते एवढंच, ‘नेट लागत नाही’. डॉक्टरकडे गेल्यावर पोटात दुखतंय असंच सांगतो ना आपण? ‘अपेंडिक्स म्हणालात तरच तपासतो’ असं कुणी म्हणत नाही.

या पाटीसंस्कृतीचा सगळ्यात गाजलेला किस्सा नोव्हेंबर २०२१चा. लिनस सेबॅस्टियन हा कॅनडाचा यूट्यूबवाला (टोरवाल्ड्स वेगळे, नाव फक्त सारखं), कॉम्प्युटर जोडण्या-उसवण्यात मुरलेला, लाखोंचा प्रेक्षकवर्ग असलेला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने घरच्या मशीनवर लिनक्स वापरून बघायचं चॅलेंज घेतलं. पॉप ओएस नावाचा डिस्ट्रो टाकला आणि गेमिंगसाठी स्टीम इन्स्टॉल करायला गेला. तयार बटणाने होईना. मग शोधाशोध करून टर्मिनलमध्ये कमांड दिली. समोर भलीमोठी यादी आली आणि खाली सूचना: तुम्ही धोकादायक काहीतरी करताय, पुढे जायचं असेल तर ‘हो, मी सांगतोय तेच कर’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप करा. त्याने केलं. कॉम्प्युटरने अख्खा डेस्कटॉपच काढून टाकला. एक गेमिंगचं ॲप टाकायला गेला आणि उरली काळी पाटी.

बघणाऱ्यांत तट पडले. एक गट म्हणाला, स्पष्ट लिहिलं होतं ना, वाचता येत नाही का? दुसऱ्या गटाचा प्रश्न साधा होता: गेम टाकायला आलेल्या माणसापुढे घर पाडायचं वाक्य ठेवलंच कुणी? मुळात पॅकेजच्या जुळणीत चूक होती आणि ती त्याची नव्हतीच. पॉप ओएसच्या मंडळींनी ती दुरुस्त केली, शिवाय असं वाक्य टाइप करून सिस्टीमचे महत्त्वाचे भाग उडवता येणार नाहीत अशी सोय केली. पॉप ओएस ज्याच्या जोरावर सॉफ्टवेअर टाकतं-काढतं त्या ‘एपीटी’ या मूळ प्रोग्रॅममध्येही मग त्या दिशेने बदल झाले. ‘वाचता येत नाही का’ म्हणणाऱ्यांचं सगळ्यांनी ऐकलं असतं तर तो खड्डा पुढच्या माणसासाठी तसाच राहिला असता. नवखा अडखळतो ती जागा जुन्यांना दिसतच नाही. तिथून ते इतक्या वेळा गेलेले असतात, की पाय आपोआप उचलला जातो.

गिम्पचंही तेच. फोटोशॉपला पर्याय म्हणून हौसेने टाकलेल्या या प्रोग्रॅममध्ये एक साधं वर्तुळ काढायला वर्षानुवर्षं थेट टूलच नव्हतं. आधी लंबगोल सिलेक्शन करा, मग त्याची कड रंगवा. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘गिम्प हे ड्रॉइंगसाठी नाही, इंकस्केप वापर.’ परत एकदा करेक्ट. आणि समोरचा परत एकदा फोटोशॉपकडे.

सगळेच असे आहेत असं मात्र नाही हं. उबंटू २००४मध्ये आलं तेव्हा त्याची टॅगलाइनच ‘माणसांसाठी लिनक्स’ अशी होती, आणि सभ्यपणे वागण्याची आचारसंहिताही बरोबर होती. त्यांच्या फुकट सीड्या २०११पर्यंत पोस्टाने घरपोच यायच्या. आमच्या सीनियर मंडळींच्या ड्रॉवरमध्ये त्या अजून सापडतात. केरळमध्ये तर शाळाशाळांत मुलं लिनक्सवर शिकतात. तिथल्या ‘आयटी ॲट स्कूल’ने, म्हणजे आताच्या ‘काइट’ने, आधी शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, मग मुलांसमोर मशीन ठेवलं. अडलं तर विचारायला वर्गात माणूस आहे, ‘गूगल कर’ नाही. आणि खुद्द टोरवाल्ड्स, ज्यांच्या खरमरीत मेल्सच्या दंतकथा झाल्या होत्या, त्यांनी सप्टेंबर २०१८मध्ये आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली आणि कर्नलच्या कामाला आचारसंहिता लागू झाली.

त्या पेंग्विनवाल्याची चिडचिड मात्र मला पूर्ण खोटी वाटत नाही. हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून, बिनपगारी सांभाळत असतं. ‘कधी होणार?’ असं सुनावणारे शेकडो, हात लावणारे दोन. एक्सझेड नावाच्या अशाच एका छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमची जबाबदारी मुख्यतः एकाच माणसावर होती. तो थकलेला होता, मानसिक त्रासाबद्दल त्याने उघडपणे लिहिलंही होतं. तरी ‘काम संथ चाललंय, दुसऱ्या कुणाला घ्या’ म्हणून त्याच्यामागे तगादा लागला. हा तगादा लावणाऱ्यांची खातीही बनावट असावीत असा संशय आहे. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने एक मदतनीस आला होता. कामसू आणि चिकाटीचा. दोनेक वर्षांत त्याने विश्वास कमावला आणि २०२४मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला! मार्चच्या अखेरीस आन्द्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला लॉगिन नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं. त्याने खणून काढलं म्हणून जगभरातले सर्व्हर वाचले.

म्हणजे त्या थकलेल्या माणसाशी नीट बोलायचं कामही आपलंच. ‘चालत नाही यार, बकवास आहे’ ऐवजी काय केलं आणि समोर काय आलं एवढं सांगितलं, एररचा फोटो दाखवला, आणि सुटल्यावर ‘सुटलं, असं सुटलं’ हे परत येऊन कळवलं, तर पाटीवाल्यांचाही सूर उतरतो. मैत्रिणीबरोबर मी आणखी दोन मीट्सना गेले, त्यात हे बघितलं. जीएनयूवाला तिसरा तर चक्क तिच्या प्रिंटरच्या मागे लागला होता.

तुमचाही लॅपटॉप यादीबाहेर गेला असेल तर लगेच इन्स्टॉलचं बटण दाबू नका. आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा. बहुतेक सोपे डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालतात, मशीनवरचं काहीही न पुसता. तसं चालवून वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासा. ऑफिसच्या कामाला लागणारं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं का तेही बघा, कारण तसं असेल तर पेंग्विनवाला काहीही म्हणो, सध्या थांबा. आणि फोनची केबल बॅगेत असू द्या. फक्त चार्जिंगची नको, डेटावाली.