एन-५ झालं, पुढे?

जालना एमआयडीसीतून थेट जपानच्या कारखान्यात? स्वप्न खोटं नाही. पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीयांना जपानला पाठवायचं, असं दोन्ही देशांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलंय. पण क्लासची फी भरण्याआधी एक बघा. ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ व्हिसाला एन-५ पुरत नाही. एन-४ किंवा जेएफटी-बेसिक लागते, शिवाय कामाची वेगळी परीक्षा. ‘तीन महिन्यांत जपान’वाले हे सांगतात का, विचारा!

भाषेला मात्र घाबरू नका. क्रियापद शेवटी, ‘ला’, ‘चा’ शब्दानंतर, अगदी मराठीसारखं. हिरागाना, काताकाना प्रत्येकी ४६ अक्षरं; रोज तासभर दिला की जमतात. दमछाक करते ती कांजी. आणि हो, जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, मुलाखतीत मात्र बोलावंच लागतं. क्लासमध्ये बोलून घेतात का, तेही बघा.