स्पीकरमागची भिंत

बेंगळुरूतील नव्या सदनिकांच्या दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, रुंद काचेची दारे आणि जवळजवळ रिकाम्या भिंती असतात. तेथे कितीही महागडे स्पीकर आणून ठेवले, तरी तबला घुमतो आणि बंदिशीचे शब्द पुसट होतात. मग हौशी गृहस्थ स्पीकरमागील भिंतीवर फोमचे रंगीत चौकोन चिकटवतो. ते दिसतात देखणे. परंतु तो खर्च बहुतांशी वाया जातो.

कारण असे, की उंच स्वर स्पीकरमधून मुख्यत्वे समोर जातात. मागे वळतात ते खालचे. त्यांना इंचभर फोम अडवू शकत नाही. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर भिंतीवरून परतणारी लहर सेकंदाला सुमारे १४० कंपनांच्या स्वराला क्षीण करते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज नेमका तेथेच असतो! गवयाचा आधारस्वरच हरवावा, याला सजावट कसे म्हणावे?

जाडीला पर्याय नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका सभागृहात व्याख्याने नीट ऐकू येईनात, तेव्हा वॉलेस सबाइन यांनी सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री तेथे नेऊन मोजमापे घेतली. मऊ वस्तू किती, यावर घुमणे अवलंबून असते, हे त्यांतून सिद्ध झाले.

म्हणून आधी स्पीकर पुढे-मागे सरकवून पाहावेत. त्याला पैसे पडत नाहीत. नंतर लाकडी चौकटीत चार इंच रॉकवूल भरून ती भिंतीपासून चार इंच सुटी ठेवावी. रॉकवूल कापताना हातमोजे व मुखपट्टी हवीच. वरून चिकपेटेत मिळणारे विरळ विणीचे हातमागाचे कापड ताणावे. फुंकर आरपार गेली, तर ते योग्य. रेक्झिन मात्र नको. घरात समई-निरांजन तेवत असल्यास सहज पेट घेणारा फोम तर मुळीच नको. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याची कल्पना विनोदापुरतीच ठेवावी.

पातळ चौकटींची जागा बाजूच्या भिंतींवर आहे. ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे, दुसऱ्याने भिंतीलगत आरसा सरकवावा. जेथे स्पीकर दिसेल, तेथे दोन इंची चौकट लावावी. पुस्तकांनी भरलेले कपाटही आवाज बऱ्यापैकी विखुरते.

एवढे करूनही शेजाऱ्यांच्या घरात जाणारा आवाज थांबत नाही. निवासी भागासाठी रात्री दहानंतरची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि तेथे कापडी चौकट नव्हे, आवाजाचे बटणच उपयोगी पडते.