खाटेसकट प्रदर्शनाला गेलेली चित्रकार, आणि ‘आराम करा’ म्हणजे नेमकं काय

आम्ही डॉक्टर गोळी लिहून देतो तेव्हा डोस लिहितो. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस. पण आराम लिहून देताना मात्र फक्त दोन शब्द लिहितो, ‘आराम करा’. किती करा, कधी करा, कुठे करा, कोणाच्या भरवशावर करा, यातलं काहीच नाही. मीही पंचवीसेक वर्षं हेच लिहीत आले. यात काहीतरी चुकतंय हे मला एका चित्रकार पेशंटमुळे कळलं. ते कळायला मात्र तिला आणि मला किंमत मोजावी लागली.

(ही गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तिशीच्या आतली ही मुलगी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो, तो आजार आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत, मनगटं सुजतात, आणि झोपूनही न जाणारा थकवा असतो. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. पिशवीवर जुळलेल्या भुवयांच्या आणि केसांत फुलं माळलेल्या एका बाईचं चित्र होतं. मी सहज विचारलं, “या कोण?” तर म्हणाली, “फ्रिडा काहलो. मॅडम, हिचा कणा मोडला होता, तरी ही रंगवत राहिली. आणि मी दोन तास पेन धरलं तर रडायला येतं.”

मी केसपेपरवर औषधं लिहिली आणि खाली लिहिलं, ‘आराम करा’.

पिशवीवरची बाई

त्या बाईबद्दल मी नंतर वाचलं. डॉक्टर म्हणून वाचताना मला जे दिसलं ते पिशवीवरच्या चित्रात मावणारं नाही.

फ्रिडाचा जन्म १९०७ सालचा, मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातला. सहाव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्या दृष्टीने शिक्षणही चालू होतं. १७ सप्टेंबर १९२५ रोजी, अठरा वर्षांची असताना, ती बसलेल्या बसला ट्रामची धडक बसली. कणा, कमरेचं हाड, गळपट्टीचं हाड, उजवा पाय असं सगळं मोडलं. बसमधला एक लोखंडी दांडा तिच्या ओटीपोटातून आरपार गेला. ती जगली, पण पुढची २९ वर्षं वेदना, पाठीला घालायचे प्लास्टरचे आणि लोखंडी पट्ट्यांचे कॉर्सेट आणि एकामागून एक शस्त्रक्रिया यांत गेली.

तिने पुरुषांवरही प्रेम केलं आणि स्त्रियांवरही. १९२६ सालच्या एका कौटुंबिक फोटोत ती पुरुषी सूट घालून उभी आहे. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्याशी तिने १९२९ मध्ये लग्न केलं, १९३९ मध्ये घटस्फोट घेतला आणि १९४० मध्ये पुन्हा त्यांच्याशीच लग्न केलं. घटस्फोटाच्या त्याच वर्षी तिने एक छोटं चित्र काढलं. जंगलात दोन विवस्त्र स्त्रिया आहेत आणि एकीने दुसरीच्या मांडीवर डोकं टेकलं आहे. मला विचाराल तर विश्रांतीचं इतकं खरं चित्र मी क्वचितच पाहिलं आहे. कोणाच्या तरी मांडीवर निर्धास्त डोकं टेकता येणं, हेच ते.

ती ‘लढत राहिली’, एवढंच खरं आहे का?

फ्रिडाला आपण ‘वेदनेवर मात करणारी’ म्हणून डोक्यावर घेतो. माझ्या पेशंटनेही तेच केलं होतं आणि त्या मापाने स्वतःला नापास करून टाकलं होतं. पण नीट पाहिलं तर गोष्ट वेगळी आहे.

अपघातानंतर ती महिनोनमहिने अंथरुणावर होती. तिच्या आईने खाटेवर बसेल असं खास ईझल बनवून घेतलं. डोक्यावरच्या छताला आरसा बसवला, म्हणजे झोपल्या झोपल्या स्वतःला पाहून चित्र काढता येईल. वडील फोटोग्राफर होते, त्यांनी रंगांची पेटी दिली. म्हणजे ती आराम सोडून चित्रकार झाली नाही. तिचा आराम आणि तिचं काम एकाच खाटेवर बसतील अशी सोय घरच्यांनी केली. तिची बरीच चित्रं आकाराने लहान आहेत. ‘द ब्रोकन कॉलम’ हे १९४४ चं प्रसिद्ध चित्र साधारण ४० बाय ३० सेंटिमीटरचं, म्हणजे एखाद्या कॅलेंडरच्या पानाएवढं आहे.

१९४३ पासून ती एका कलाशाळेत शिकवू लागली. तब्येतीमुळे तिथपर्यंत जाणं जमेना, तेव्हा तिने विद्यार्थ्यांना घरी बोलावलं. वर्ग बंद केला नाही, वर्गाची जागा बदलली.

आणि एप्रिल १९५३. तिच्या स्वतःच्या देशात तिचं पहिलं एकल प्रदर्शन होतं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केली होती. मग तिची खाटच गॅलरीत नेऊन ठेवली. ती अँब्युलन्समधून आली आणि खाटेवर पडूनच तिने लोकांचं स्वागत केलं.

हा प्रसंग बहुतेक जण जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंही काही दिसतं. तिने उभं राहण्याचा हट्ट धरला नाही. झोपावं लागणार हे मान्य केलं आणि झोपूनच हजर राहिली. ‘आराम की काम’ असा प्रश्न तिने तिथे निकालात काढला.

ती नेहमीच इतकी शहाणी वागली असं मात्र नाही. शेवटच्या वर्षांत वेदनाशामक औषधं आणि दारू यांचं प्रमाण वाढलं होतं. ऑगस्ट १९५३ मध्ये गँगरीनमुळे उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. २ जुलै १९५४ रोजी, न्यूमोनियातून उठत असताना, डॉक्टरांचा सल्ला डावलून ती व्हीलचेअरवरून एका मोर्चाला गेली. १३ जुलैला ती गेली, ४७ व्या वर्षी. मोर्चामुळेच गेली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण तिच्या आयुष्यात दोन्ही आहे. आराम कसा करावा तेही, आणि तो न जमणं किती स्वाभाविक आहे तेही.

शरीरात काय घडतं?

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. त्या दाहातून रक्तात उतरणारी रसायनं मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि फ्लू झाल्यावर जसं गळून जायला होतं तसा थकवा येतो. तो आळस नसतो. त्यात दुखण्याने झोप मोडते, कधी हिमोग्लोबिन कमी असतं, कधी थायरॉइड किंवा नैराश्य हातभार लावतं. म्हणून थकवा आला की आधी तपासणी करा, ‘आजारच असा आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

अशा पेशंटकडून एक चूक हमखास होते. बरं वाटलं त्या दिवशी साठलेलं सगळं काम उरकायचं, आणि मग पुढचे तीन दिवस झोपून काढायचे. आमच्याकडे एक वेळ पाणी येणाऱ्या सोसायट्या आहेत. टाकी सकाळीच रिकामी केली तर संध्याकाळी भांडी तशीच राहतात. पाणी वाढवणं आपल्या हातात नसेल, तर वापर दिवसभर वाटून घ्यावा लागतो. वैद्यकीय भाषेत याला पेसिंग म्हणतात.

उलट टोकही घातकच आहे. पूर्वी अशा आजारांत आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. आता आपल्याला माहीत आहे की त्याने स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, सांधे आखडतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून आराम हा औषधासारखा आहे. कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर अपाय.

माझी चूक

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा सोबत एक मैत्रीण होती. मी नेहमीच्या सवयीने म्हणाले, “काळजी करू नकोस, लग्नाआधी आजार आटोक्यात आणू. आणि घरी आईला सांग, काम देऊ नका म्हणून.” दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती “हो मॅडम” म्हणाली आणि गेली.

त्यानंतर सहा महिने ती आली नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट बंद झाली. परत आली तेव्हा बोटांचे सांधे सुजलेले होते आणि एक्स-रेमध्ये हाडांची झीज दिसत होती. पूर्वी ती नव्हती. झीज झालेलं हाड आम्ही पूर्ववत करू शकत नाही.

तिने सांगितलं, “मॅडम, ही मैत्रीण नाही, माझी जोडीदार आहे. मी क्वीअर आहे. आईकडे राहते तेव्हा मी आराम करूच शकत नाही. फोन उलटा ठेवायचा, आवाज हळू ठेवायचा, स्थळांबद्दल बोलणं निघालं की हसायचं. अंथरुणावर पडलेली असते, पण कामावरच असते. आणि तुमच्याकडेही तेच करावं लागणार असं वाटलं, म्हणून आले नाही.”

मी काय बोलणार? ‘आराम करा’ हे मी लिहिलं होतं, आणि तिच्या आरामाची एक जागा मीच बंद केली होती.

सतत सावध राहणं हे शरीरासाठी खरंखुरं काम आहे. नाडी वाढते, स्नायू ताठ राहतात, झोप उथळ होते, आणि दुखणं आहे त्याहून जास्त जाणवतं. फ्रिडा लहानपणी बारीक पाय झाकायला जादा मोजे घालायची आणि पुढे लांब घागरे वापरू लागली. झाकण्याला लागणारी ताकद कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या मनात शंका असेल तर स्पष्ट सांगते. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये आजारांच्या यादीतून ती काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. तरीही माझ्यासारख्या डॉक्टरच्या तोंडून एक वाक्य निघतं आणि पेशंट सहा महिने औषधाविना राहते. कायदा बदलला तरी दवाखाना आपोआप बदलत नाही.

मग आता काय करायचं?

दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांसाठी, मग तुम्ही चित्रकार असा, शिक्षिका असा की घर सांभाळणाऱ्या, मी आता हे सांगते:

१. दोन आठवडे साधी डायरी ठेवा. काय केलं, किती वेळ, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. तुमची मर्यादा त्यातून कळेल.

२. दुखायला लागल्यावर थांबू नका, त्याच्या आधी थांबा. चाळीस मिनिटांनी दुखत असेल तर पंचविसाव्या मिनिटाला गजर लावा.

३. चांगल्या दिवशीही ठरलेलंच काम करा. हे सगळ्यात अवघड आहे.

४. आरामाच्या वेळी मोबाइल लांब ठेवा. आडवं पडून कामाचे मेसेज वाचणं हा आराम नव्हे.

५. रोज थोडी हालचाल, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम. सांधे गरम किंवा खूप सुजलेले असतील तेव्हा कमी करा, बंद नको.

६. काम सोडण्याआधी कामाची जागा आणि पद्धत बदलून पाहा. जाड पकडीचं पेन, तिरका बोर्ड, बसून स्वयंपाक.

७. औषधं स्वतःहून बंद करू नका. ताप, अचानक वाढलेली सूज, धाप, एका पायाला सूज असेल तर लगेच दाखवा.

आणि घरच्यांना एक विनंती. पेशंटला ‘पडून राहा’ म्हणण्याआधी विचारा, ‘तुला इथे निवांत पडता येतं का?’ उत्तर काहीही आलं तरी ऐकून घ्या.

डॉक्टरांना काय सांगायचं हा तुमचा अधिकार आहे. सांगितलंच पाहिजे असं नाही, आणि सांगितलं तर ते गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. माझ्या दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘पती/पत्नी/नातेवाईक’ असा रकाना होता. आता तिथे ‘तुमच्या जवळची व्यक्ती’ असं आहे. कागद तेवढाच, पण त्यामुळे एकदोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आहे.

ती मुलगी आता नियमित येते, जोडीदारासोबत. बरी झाली असं म्हणणार नाही, बोटांची झीज आहे तिथेच आहे. दिवसाला पूर्वीपेक्षा कमी काम करते, पण सलग आडवं पडावं लागण्याचे दिवस कमी झाले आहेत. पुस्तकाची मुदत आधीच वाढवून मागायला शिकली आहे. त्याची लाज वाटायची थांबली नाही, पण मागते.

मागच्या वेळी तिच्या केसपेपरवर मी औषधांखाली लिहिलं: ‘आराम, दुपारी २ ते २.४०, रोज, दुखण्याआधी. जोडीदाराच्या घरी.’ तिने वाचलं, कागदाची घडी घातली आणि त्या पिशवीत ठेवली.