जकातीचा हिशेब

'जकात' म्हटले की आपल्या व्यापारी मनास आधी नाका आठवतो; थांबलेला ट्रक, पावती आणि हुज्जत. मुंबईची जकातही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संपली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र शुद्धी आणि वृद्धी असा आहे, आणि इस्लाममध्ये ते संपत्तिमानावर बंधनकारक असे दान आहे. निजामी अमदानीत आपल्या अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी दुकाने थाटूनही शेजाऱ्याचा हा हिशेब आपण क्वचितच पाहिला असेल.

बँकेत असताना कॅश क्रेडिटच्या खातेदारांची मालसाठ्याची पत्रके माझ्यापुढे येत. बँकेसाठीचा साठा फुगलेला आणि आयकरासाठीचा आटलेला, हे सांगण्यास आता संकोच नको. एका मुस्लिम खातेदाराकडे रमजानात तिसरी मोजणी चाललेली पाहिली. ती तपासण्यास कोणीही निरीक्षक येणार नव्हता.

रीत अशी. चांद्रवर्ष भरले की विक्रीचा माल त्या दिवशीच्या बाजारभावाने मोजायचा, खरेदीच्या भावाने नव्हे. त्यात रोकड, बँकेतील शिल्लक, सोने-चांदी व येणारी उधारी मिळवायची आणि देणी वजा करायची. राहते घर, दुकानाची इमारत, वजनकाटा, कपाटे धरायची नाहीत. समजा माल दहा लाखांचा, येणे तीन लाख, रोकड एक लाख आणि देणे चार लाख. तर निव्वळ दहा लाखांचा चाळिसावा भाग, म्हणजे २५,००० रुपये. हा नफ्यातील वाटा नव्हे. वर्ष तोट्यात गेले तरी शिल्लक संपत्तीवर तो द्यावाच लागतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही किमान मर्यादा. त्याहून कमी संपत्ती असणारा यातून मुक्त. शेतमालाचा नियम निराळा आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, स्वतः पाणी देऊन पिकविलेल्याचा विसावा. कोरडवाहू आणि बागायत यांच्या खर्चातील भेद बीड जिल्ह्यास समजावून सांगावयास नको.

कुराणाने घेणाऱ्यांचे आठ वर्ग ठरवून दिले आहेत. आईवडील व मुले यांना जकात देता येत नाही. मशिदीच्या बांधकामासही, बहुतेक धर्मशास्त्रज्ञांच्या मते, ती चालत नाही, कारण रक्कम गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. देवद्रव्य अन्य कामी वळवू नये अशी आपल्याकडील मर्यादा. ही तिच्या नेमकी उलट दिशेची. त्या आठ वर्गांत कर्जबाजारी मनुष्यही आहे.

येथे मी अडखळतो. आपल्या शास्त्रात परिग्रह-परिमाण व्रत आहे, साधर्मिक वात्सल्य आहे, गुप्तदानाचा महिमा आहे. तरीही पर्युषणात चढाव्याची बोली लाखांत जाते आणि मागच्या रांगेत बसलेल्या, उधारीत बुडून दुकान गमावलेल्या साधर्मिकाचे नाव कोणाच्याही यादीत नसते. आपले दान उल्हासावर चालते. उल्हास ओसरला की तेही ओसरते. दानात सक्ती नसावी, हे मान्य. पाकिस्तानात १९८० च्या कायद्यान्वये बचत खात्यांतून जकात परस्पर कापली जाऊ लागली, तेव्हा अनेक जण रमजान लागण्यापूर्वीच पैसे काढून घेऊ लागले. सक्ती नको, पण मोजणी का नसावी? दिवाळीस वहीपूजन करताना आपण वर्षाचा नफा पाहतो. त्याच बैठकीत एकूण संपत्तीचा आकडा काढून त्यातील ठराविक भाग बाजूस ठेवण्यास किती वेळ लागेल?

त्या खातेदाराने एका वर्षी मोंढ्यातील एका कर्जबाजारी दुकानदारास ईदची भेट म्हणून काही रक्कम दिली. ही जकात आहे, असे घेणाऱ्यास सांगण्याचे बंधन नसते, आणि त्याने ते सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानदार शाखेत आला आणि त्याने थकलेले हप्ते भरले. दोन्ही खाती माझ्याच टेबलावर होती, म्हणूनच मला त्यांची सांगड लागली.