निळी टिंबे

दिवाळी जवळ आली की आमच्या गांधीबागेत कापडाच्या गठ्ठ्यांना वाट देता देता माणूस घरी पोचतो. परवा अशीच दमून टेकले होते, तोच वरच्या मजल्यावरची सून जिना उतरून आली. हातात भिंतीवरून काढलेले 'कालनिर्णय'. मला वाटले, वसुबारस विचारायला आली! पण तिने आतली पाने उलटली. दर महिन्यात दुकानातल्या तांबड्या-निळ्या पेन्सिलीची दोन टिंबे.

"काकू, तांबडे पाळीचे. निळे चौदाव्या दिवसाचे. दोन वर्षांत एक निळे वाया जाऊ दिले नाही."

पुढचे तिला बोलवेना. मी दवाखान्यात तीस वर्षे नर्स होते, म्हणून अशी गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. चष्मा चढवून तांबडी टिंबे मोजली. कुठे चौतीस, कुठे पस्तीस दिवसांचे अंतर.

चूक तिथेच होती. १९२४ साली जपानच्या डॉ. ओगिनो यांनी दाखवले, की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी सुटते. हिशेब मागून करायचा, बरे का! अठ्ठावीस दिवसांची पाळी असली तर चौदा पुढून मोजा की मागून, उत्तर एकच. पण पस्तीस दिवसांवालीचे बीज एकविसाव्याच्या आसपास सुटणार. ते जेमतेम दिवसभर टिकते. पुरुषबीज आत फार तर पाच दिवस. म्हणजे आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच कामाचे. हिची निळी टिंबे आठवडाभर आधीच पडत होती! मनूनेही ऋतुकालाच्या सोळा रात्री पुढूनच मोजल्या. पस्तीसवालीचा काळ त्या सरताना कुठे सुरू होतो.

"मग एकविसाव्याला टिंब देऊ?"

"टिंबच नको, बाई." पाळी घड्याळावर चालत नाही. अंगावरचे पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखे तार धरू लागले की दिवस जवळ आले. रोज पहाटे ताप मोजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण पारा चढतो तो बीज सुटून गेल्यावर. गाडी गेली आणि मग घंटा! औषधाच्या दुकानातली लघवीची पट्टी दिवस-दीड दिवस आधी सांगते, मात्र अंडाशयात गाठी असल्या तर तीही फसवते. त्यापेक्षा चौदाव्यापासून बाविसाव्यापर्यंत एक दिवसाआड एकत्र यावे आणि कॅलेंडर भिंतीवर राहू द्यावे.

मग मी विचारले, "आणि त्याची तपासणी?"

ती चपापली. "त्यांची कशाला? सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असे कुणाचे नाही."

मला मेला रागच आला. पस्तिशीच्या आत वर्षभर, पुढे सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे दोघांनी जायचे असते. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत दोष पुरुषाकडेही निघतो, आणि त्याची तपासणी सगळ्यांत सोपी: एका बाटलीचे काम. हिची मात्र रक्ते, सोनोग्राफी, दोन नवस, सगळे होऊन बसले आहे. दोन वर्षे टिंबे हिनेच द्यायची आणि दर महिन्याला तोंडही हिनेच लपवायचे!

पाडव्याला फराळाला वर बोलावले आहे. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या की मुलाला गाठणार आहे.